८७ डेसिबलचे स्पीकर आणि ३००बीचा मोह: ट्यूब ॲम्प निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातले गृहस्थ अनेक वर्षं एका चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर संगीत ऐकत होते. ऐकायची खोली साधारण पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद, बैठक स्पीकरपासून तीन मीटरवर. स्पीकर उंच, जमिनीवर ठेवायचे, थ्री-वे बांधणीचे. कागदावर त्यांची ओळख एवढीच: ८ ओहम, ८७ डेसिबल. ऐकणं मात्र चौफेर. ख्यालगायन, एकल पियानो आणि सवड मिळाली की दार लावून मोठा सिंफनी वाद्यवृंद, तोही दबक्या आवाजात नाही.

एका परिचितांकडे त्यांनी ३००बी या ट्यूबचा (काचेच्या निर्वात नळीचा) सिंगल-एंडेड ॲम्प हॉर्न स्पीकरवर ऐकला आणि ते हरखून गेले. गाणारी व्यक्ती खोलीत बसली आहे असं वाटलं, म्हणाले. त्यानंतर माझ्यापर्यंत आलेला त्यांचा प्रश्न होता, "कोणता ३००बी घेऊ?" ॲम्पचा प्रकार कोणता हवा, हे त्यांच्या मनात केव्हाच ठरून गेलं होतं.

त्यांना वाटलेलं कौतुक खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ सालची ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडांची ट्यूब. सिंगल-एंडेड रचनेत ही एकच ट्यूब पूर्ण लहर सांभाळते आणि साधारण ८ वॅट देते. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे नेऊन चूक सुधारणं) लावायची गरज सहसा पडत नाही. विकृती होते ती बहुतांश दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची, आणि कानाला ती खुपत नाही. अशा आठ-दहा वॅटांवर एके काळी चित्रपटगृहं चालत, कारण समोर प्रचंड संवेदनशील हॉर्न असत. परिचितांकडेही हॉर्नच होते. या गृहस्थांच्या घरी नव्हते.

अडचण कुठे होती

८७ डेसिबल म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर मिळणारी पातळी. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. ८ वॅट दिले तर पातळी ९ डेसिबलने चढते, म्हणजे ९६. दोन स्पीकरांमुळे थोडी भर पडते आणि तीन मीटर अंतरामुळे त्याहून जास्त घट होते. हळुवार गाण्याला हे पुष्कळ झालं. पण वाद्यवृंदाची शिखरं सरासरी पातळीच्या वर पंधरा-वीस डेसिबल सहज उसळतात, आणि तिथे ८ वॅट अपुरे पडणार हे कागदावरच दिसत होतं.

दुसरी अडचण कागदावर दिसत नव्हती. "८ ओहम" हा स्पीकरवरचा आकडा म्हणजे ढोबळ ओळख असते. खरा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. एक ज्ञात रेझिस्टर, सिग्नल जनरेटर आणि व्होल्टमीटर घेऊन आम्ही तो मोजला. ६० हर्ट्झच्या आसपास १८ ओहमचा उंचवटा, १२० हर्ट्झला थेट ३.२ ओहमपर्यंत खड्डा आणि २ किलोहर्ट्झजवळ, क्रॉसओव्हरच्या (स्पीकरमधला एक ड्रायव्हर दुसऱ्याकडे काम सोपवतो त्या) जागी, २० ओहमचं शिखर.

ट्रान्झिस्टर ॲम्पला या चढउताराचं फारसं वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो. फीडबॅक नसलेल्या ३००बीचं तसं नाही. ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स (तिचा स्वतःचा अंतर्गत रोध) सुमारे ७०० ओहम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ३५०० ओहमला ८ ओहमवर आणतो, त्याच प्रमाणात हे ७०० ओहम स्पीकरच्या बाजूने १.६ ओहम दिसतात. त्यात ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा रेझिस्टन्स मिळवला की बेरीज अडीच ओहमच्या घरात जाते. आता गणित करा. स्पीकर २० ओहमचा असतो तिथे सिग्नल १ डेसिबलने घटतो, ३.२ ओहमचा असतो तिथे ५ डेसिबलने. म्हणजे हा ॲम्प याच स्पीकरवर २ किलोहर्ट्झ आणि १२० हर्ट्झ यांच्यात ४ डेसिबलचा फरक पाडणार. टोन कंट्रोलची खुंटी कुणी फिरवून तशीच सोडून द्यावी, इतका हा फरक मोठा आहे.

हा मुद्दा त्यांना पटायला वेळ लागला आणि ते स्वाभाविक आहे. एकदा कानांनी कौल दिला की आकडे परके वाटतात. म्हणून आकड्यांवर वाद घालण्याऐवजी ते स्वतः जसं ऐकतात तेच मोजायचं ठरलं.

पहिला निर्णय: आधी गरज मोजायची

ट्रान्झिस्टर ॲम्प होता तसाच ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर ऑसिलोस्कोप लावला. (असं कुणी करणार असेल तर आधी ॲम्प ब्रिज पद्धतीचा नाही ना, याची खात्री करावी. ब्रिज ॲम्पमध्ये स्पीकरचं एकही टोक ग्राउंडला नसतं आणि स्कोपच्या ग्राउंड क्लिपने आउटपुट शॉर्ट होऊ शकतं.) मग त्यांना सांगितलं, रोज ऐकता तसं ऐका, आवाजही तुमचा तुम्हीच लावा.

गाण्यात शिखरं ४-५ व्होल्टच्या वर गेली नाहीत. पियानोच्या जोरकस भागात १२ व्होल्ट दिसले. वाद्यवृंदाच्या त्यांच्या आवडत्या, पूर्ण ताकदीच्या जागांवर १८ व्होल्ट.

८ वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या टॅपवर (आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, स्पीकर जोडायच्या टोकावर) जास्तीत जास्त ११.३ व्होल्टचं शिखर देऊ शकतो. गाणं आरामात, पियानो काठावर, वाद्यवृंद बाहेर. या एका मोजणीने चर्चेचा सूर बदलला. "३००बीचा आवाज गोड आहे" हे विधान शाबूत राहिलं, पण तो गोडवा त्यांच्या ऐकण्याच्या किती भागात टिकेल, हे आता समोर दिसत होतं.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच ३००बी, याच स्पीकरसह. १२० हर्ट्झच्या खड्ड्यामुळे ८ ऐवजी ४ ओहमचा टॅप वापरावा असं कुणीही सुचवेल. तसं केलं तर आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो आणि ४ डेसिबलचा चढउतार सव्वादोनवर येतो. पण त्याच वेळी शिखराची मर्यादा ११.३ वरून ८ व्होल्टवर उतरते. म्हणजे पियानोही गेला.

दुसरा पर्याय ३००बी घेऊन स्पीकरच बदलणं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच. पण स्पीकर त्यांच्या जिव्हाळ्याचे होते आणि खोलीत मोठ्या हॉर्नला जागा नव्हती. त्यांनी तो बाजूला ठेवला. तो निर्णय त्यांचाच होता आणि मी आग्रह धरला नाही.

तिसरा पर्याय पुश-पुल. इथे दोन ट्यूब लहरीचे दोन अर्धे वाटून घेतात, सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे रद्द करतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून जाणारे दोघींचे डीसी प्रवाह विरुद्ध दिशेचे असल्याने तेही एकमेकांना छेदतात. सिंगल-एंडेडच्या ट्रान्सफॉर्मरला ही सोय नसते. त्याच्या गाभ्यात फट ठेवावी लागते, म्हणून तेवढ्याच खर्जासाठी तो बराच मोठा आणि जड करावा लागतो. घरगुती पुश-पुलची खरी प्रतिष्ठा वाढली ती १९४७ साली विल्यमसन यांची रचना छापून आल्यावर: ट्रायोड जोडणीतल्या (ट्रायोडसारख्या वागतील अशा जोडलेल्या) केटी६६ ट्यूब, १५ वॅट आणि २० डेसिबल फीडबॅक. पुढे १९५१मध्ये हॅफलर आणि केरोस यांनी अल्ट्रालिनिअर जोडणी लोकप्रिय केली. तिची मूळ कल्पना ब्लमलाइन यांच्या १९३७च्या पेटंटात आहे. स्क्रीन ग्रिड (ट्यूबमधली एक जाळी) ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यातल्या मधल्या एका टॅपला जोडायचा, की पेंटोडची (पाच इलेक्ट्रोडांच्या ट्यूबची) ताकद आणि ट्रायोडची शिस्त दोन्ही बऱ्याच अंशी मिळतात.

पुश-पुलमध्येही निवड होती. ईएल८४ ची जोडी १०-१५ वॅट देते. छोट्या खोलीत, मध्यम संवेदनशील स्पीकरवर हा ॲम्प मला मनापासून आवडतो, पण इथे तो पुरणार नव्हता. ईएल३४ ची जोडी सुमारे ३५ वॅट, केटी८८ ची जोडी सुमारे ५० वॅट.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायचे, म्हणजे ओटीएल ॲम्पांबद्दलही त्यांनी वाचलं होतं. ज्युलियस फटरमन यांचं १९५०च्या दशकातलं काम या प्रकाराच्या मुळाशी आहे. पण ट्रान्सफॉर्मर नसला की ट्यूबनाच थेट मोठा प्रवाह द्यावा लागतो, आणि ३.२ ओहमचा खड्डा म्हणजे नेमकी त्यांची दुखरी जागा. हा पर्याय पाच मिनिटांत मिटला. ट्यूबचा प्रीॲम्प आणि जुनाच ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्प ही जोडी सगळ्यात कमी उलथापालथीची होती. त्यांनी ती नाकारली, कारण त्यांना आउटपुट ट्यूबचाच स्वभाव हवा होता.

दुसरा निर्णय: घरी, आपल्याच स्पीकरवर ऐकायचं

परिचितांचा ३००बी आणि दुसऱ्या एका स्नेह्यांचा ईएल३४ पुश-पुल, दोन्ही उसने आणले. तुलना करताना पातळी जुळवणं फार महत्त्वाचं. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. म्हणून १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर दोन्हींचं व्होल्टेज दोन टक्क्यांच्या आत जुळवलं. तारा मी बदलत होतो आणि कोणता ॲम्प चालू आहे ते त्यांना सांगत नव्हतो. बदल करताना प्रत्येक वेळी ॲम्प आधी बंद. ट्यूब ॲम्प चालू असताना स्पीकर काढला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब दोन्ही निकामी करू शकतं.

हळू आवाजातल्या ख्यालावर त्यांनी बहुतेक वेळा ३००बी ओळखला आणि पसंतही केला. गळा पुढे येत होता. इम्पीडन्सचा आलेख समोर ठेवला तेव्हा त्यातला एक भाग कुठून येतो तेही कळलं: २ किलोहर्ट्झच्या शिखरावर हा ॲम्प बाकीच्या पट्ट्यापेक्षा जास्त देत होता. पण त्याच बंदिशीत तबला सुरू झाला आणि चित्र पालटलं. डग्ग्यावरची घसरती मींड खालून वर येताना ६० हर्ट्झपाशी फुगायची आणि १२० कडे जाता जाता पातळ व्हायची. "हात एकच आहे, पण डग्गे दोन वाजतायत," हे त्यांचे शब्द. मला यापेक्षा नेमकं वर्णन सुचलं नसतं.

पियानोच्या जोरकस भागात ३००बी फुटला नाही, तो मऊपणे चपटा झाला. ट्रायोडचं क्लिपिंग (मर्यादेपलीकडे लहरीची टोकं कापली जाणं) सौम्य असतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही. जोराचा आघात यायला हवा तिथे आघाताची आठवण येत होती, इतकंच. ईएल३४ इथे निर्विवाद पुढे होता. वाद्यवृंदाला तर तुलना करावीच लागली नाही.

तिसरा निर्णय: ईएल३४ की केटी८८

इथे आम्ही सर्वांत जास्त थांबलो. ३५ आणि ५० वॅट यांत फरक दीड डेसिबलचा. एरवी मी म्हटलं असतं की एवढ्यासाठी मोठा ॲम्प घेऊ नका. पण या स्पीकरला ४ ओहमचाच टॅप हवा होता. ८ ओहमच्या टॅपवर ३५ वॅटचा ॲम्प २३.७ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, पण प्रवाह जेमतेम ३ ॲम्पिअर देतो. १२० हर्ट्झच्या खड्ड्यात तर १२ व्होल्टलाच पावणेचार ॲम्पिअर लागतात. ४ ओहमच्या टॅपवर प्रवाहाची अडचण बरीच कमी होते, व्होल्टेजची मर्यादा मात्र खाली येते: ईएल३४ साठी १६.७ व्होल्ट, केटी८८ साठी २० व्होल्ट. त्यांची मोजलेली गरज १८. दोन्ही आकड्यांच्या बरोबर मधली.

ईएल३४ च्या बाजूनेही वजन होतं. मोजक्या ध्वनिमुद्रणांतल्या मोजक्या क्षणी ती मर्यादा ओलांडली गेली असती, बाकी वेळ कमी उष्णता आणि कमी वजन हा लाभच. माझ्या ऐकण्यात वाद्यवृंद इतक्या वरच्या पातळीवर नसतो, त्यामुळे माझ्यासाठी मी ईएल३४ निवडला असता. त्यांनी केटी८८ निवडला आणि कारण स्पष्ट सांगितलं: ज्या संगीतासाठी दार लावून बसतो, नेमकं तिथेच तडजोड नको. मोजणीच त्यांच्या बाजूने होती.

घेतलेला ॲम्प अल्ट्रालिनिअर, मध्यम फीडबॅकचा, ट्रायोड जोडणीचा स्विच असलेला. ४ ओहमच्या टॅपवर त्याचा आउटपुट इम्पीडन्स ०.४ ओहमच्या आसपास निघाला. पूर्वी जिथे ४ डेसिबलचा चढउतार होता तिथे आता जेमतेम ०.८५ उरला.

बसवल्यानंतर

ट्रायोड स्विचने अपेक्षेपेक्षा जास्त काम केलं. त्या जोडणीत शक्ती जवळपास निम्मी होते, पण रात्रीच्या गाण्याला ४-५ व्होल्ट लागतात, तिथे ती भरपूर आहे. ३००बीमध्ये त्यांना जे आवडलं होतं, त्याचा मोठा वाटा त्यांना इथे मिळाला. सगळा मिळाला असं ते म्हणत नाहीत. गळ्याची ती अगदी जवळची लकेर अजूनही हॉर्नवरच्या ३००बीचीच, असं त्यांचं मत आहे आणि ते मला प्रामाणिक वाटतं. स्विच मात्र ॲम्प बंद करूनच फिरवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं.

उष्णतेचा हिशेब आधी करून ठेवला होता. चार केटी८८ च्या फिलामेंटलाच ४० वॅट लागतात. प्लेटवर ४५० व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येक ट्यूबवर साडेबावीस वॅट, चारांचे ९०. छोट्या ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर गाणं सुरू नसतानाही दीडशे वॅटच्या वर उष्णता खोलीत येते. म्हणून ॲम्प बंद कपाटात न ठेवता वरून मोकळ्या मांडणीवर ठेवला.

सुरुवातीला बारीक गुणगुण ऐकू येत होती. ॲम्पवर संशय घेण्याआधी रेकॉर्ड प्लेअरची तार काढली आणि गुणगुण थांबली. प्लेअरचं कार्ट्रिज ॲम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात येत होतं. प्लेअर दुसऱ्या टोकाला नेला, प्रश्न संपला.

बायसचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवे मालक इथेच गाफील राहतात. हा ॲम्प फिक्स्ड बायसचा, म्हणजे प्रत्येक ट्यूबचा स्थिर प्रवाह माणसाने लावायचा. कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर ०.५ व्होल्ट दिसले की ५० मिलिअँपिअर. मोजण्याची टोकं वरच्या बाजूला दिलेली, त्यामुळे खालचं झाकण उघडावं लागत नाही. झाकणाखाली ४५० व्होल्ट असतात आणि ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटर काही काळ भार धरून राहतात. ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येत नाहीत त्याने झाकणाला हात लावू नये.

काही महिन्यांनी खर्ज जरा सैल वाटतो अशी त्यांची तक्रार आली. मोजलं तर एका बाजूच्या जोडीत एक ट्यूब ६२ मिलिअँपिअरवर चढलेली, दुसरी ४४ वर उतरलेली. दोघींच्या फरकाइतका डीसी प्रवाह गाभ्यात उरतो. पुश-पुलच्या गाभ्यात फट नसते, त्यामुळे तो लवकर संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व धरू शकत नाही) आणि पहिला परिणाम खर्जावर दिसतो. बायस पुन्हा लावला आणि खर्ज जागेवर आला. आता ते ठरावीक काळाने, ॲम्प अर्धा तास तापल्यावर, स्वतःच मोजतात.

काय वेगळं करता आलं असतं

स्पीकरचा इम्पीडन्स आणि ऐकण्याची शिखरं, या दोन मोजण्यांना एक दुपार पुरते. त्या अगदी आरंभी झाल्या असत्या, तर वेगवेगळ्या ३००बी ॲम्पांच्या तुलनेत गेलेले महिने वाचले असते. परिचितांचा ॲम्प पहिल्याच ओळखीत आपल्या घरी आणून ऐकला असता, तरी डग्ग्याने तेच सांगितलं असतं.

सेल्फ-बायसचा ॲम्प पुरेसा तपासला गेला नाही, असंही मला वाटतं. त्यात कॅथोड रेझिस्टरच प्रवाह बराचसा सांभाळतो. शक्ती थोडी कमी मिळते, पण मीटर हातात घ्यायची ज्याला इच्छा नाही त्याच्यासाठी तोच योग्य. या गृहस्थांना मोजण्याची गोडी लागली म्हणून अडलं नाही.

स्पीकर बदलण्याचा पर्याय मात्र आम्ही फार लवकर मिटवला. संवेदनशील म्हणजे अजस्र हॉर्नच, असं नसतं. समजा उद्या त्यांनी ९७ डेसिबलचे आणि कुठेही ६ ओहमच्या खाली न उतरणारे स्पीकर घेतले, तर १० डेसिबलच्या फरकामुळे आज लागणारे १८ व्होल्ट ५.७ वर येतील. ३००बी ८ ओहमच्या टॅपवर ११.३ देतो. पूर्ण ताकदीच्या वाद्यवृंदालाही मग वर ६ डेसिबलची मोकळीक उरते, आणि असे स्पीकर त्यांच्या खोलीत मावतील का, याची मापं त्यांनी नुकतीच घेतली आहेत.